पोटगीचा जुना हुकूम आणि वाढते मूल

घटस्फोटाच्या हुकुमात मुलाच्या पोटगीचा आकडा लिहिला जातो तेव्हा ते मूल पुष्कळदा मांडीवरचे असते. पुढे ते अंगणवाडी सोडून शाळेत आणि शाळेतून जळगाव-धुळ्याच्या शिकवणीवर्गात जाऊ लागले, गणवेश, एसटीचा पास, औषधपाणी यांचा खर्च कितीतरी पटींनी वाढला, तरी तो आकडा जिथल्या तिथे राहतो. एकदा झालेला हुकूम जन्माचा, ही समजूत कायद्याला धरून नाही, हे स्पष्ट सांगणे अगत्याचे आहे. कारण तिचा भुर्दंड आईबापांपेक्षा मुलालाच अधिक सोसावा लागतो.

हिंदू विवाह कायदा, १९५५ याच्या कलम २६ अन्वये मुलांचा ताबा, निर्वाह व शिक्षण यांविषयी केलेल्या व्यवस्थेत न्यायालयास घटस्फोटानंतरही वेळोवेळी फेरफार करता येतो. पोटगी फौजदारी कायद्याखाली मिळालेली असेल, तर पूर्वी १९७३ च्या संहितेचे कलम १२७ होते आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४६ आहे. घेणाऱ्याची वा देणाऱ्याची परिस्थिती पालटल्याचे सिद्ध झाले की रक्कम वाढवण्याची किंवा घटवण्याची मुभा तेथे आहे. १९७३ च्या संहितेत पोटगीवर दरमहा पाचशे रुपयांची कमाल मर्यादा होती आणि ती उठवायला २००१ साल उजाडावे लागले, हे आठवले म्हणजे आजच्या तरतुदीचे मोल अधिक कळते.

मुलाचे वय वाढते हीच परिस्थितीतील एक मोठी पालट होय, हे नागपूरच्या एका प्रकरणात उत्तम दिसते. तेथील कुटुंब न्यायालयाने २०१५ मध्ये अंतरिम पोटगी ठरवताना मुलासाठी सप्टेंबर २०१३ पासून दोन वर्षे दरमहा ५,००० रुपये आणि सप्टेंबर २०१५ पासून पुढे १०,००० रुपये अशी चढती रक्कम लावून दिली. हेच प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ४ नोव्हेंबर २०२० रोजी न्या. इंदू मल्होत्रा व न्या. सुभाष रेड्डी यांनी सर्व न्यायालयांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली: दोन्ही पक्षांनी मिळकत व देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे, पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी, आणि आधीच्या हुकुमात फेरबदल हवा असेल तर तो त्याच मूळ प्रकरणात मागावा.

म्हणून जुन्या हुकुमाची नक्कल घेऊन ज्या न्यायालयाने तो दिला तेथेच जावे. "ताई, शाळेच्या फीच्या पावत्या आणल्यात का?" हा वकिलांचा पहिला प्रश्न असतो, आणि तो रास्त आहे, पावत्या, दवाखान्याची बिले, घरभाड्याचा करार, वडिलांच्या पगाराचा पुरावा किंवा त्यांच्या शेताचा सातबारा यांवाचून अर्ज लंगडा पडतो. वकिलाची फी परवडत नसल्यास जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे दाद मागावी. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना व बालकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर साहाय्य मिळते.

खेड्यांत पंचांपुढे फारकत होते आणि 'मुलासाठी काही मागणार नाही' असे कागदावर लिहून घेतले जाते. रूढीने सिद्ध झालेला घटस्फोट कायद्याने राखलेला आहे. परंतु मुलाचा हक्क आईच्या सहीने सोडता येत नाही, कारण तो तिचा नाहीच. तसा कागद पुढे करून कोणी अडवीत असेल, तर आईने डगमगू नये.

बापाची बाजूही ऐकलीच पाहिजे. रावेर-यावल पट्ट्यात वादळाने उभी केळीबाग एका दुपारी आडवी होते, धुळ्याच्या एखाद्या कारखान्यातली नोकरी सुटते. अशा वेळी त्याने रक्कम कमी करण्याचा अर्ज करावा, तो त्याचा हक्क आहे. मात्र अर्ज न करता पैसे थांबवणे ही वेगळी गोष्ट झाली: हुकूम बदलेपर्यंत जुनीच रक्कम चढत जाते, वसुलीसाठी वॉरंट निघते, आणि तरीही थकबाकी राहिली तर प्रत्येक महिन्याच्या थकबाकीबद्दल एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. आईनेही एक मुदत ध्यानात ठेवावी: फौजदारी कायद्याखालील थकबाकीच्या वसुलीचा अर्ज ती रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो, आणि आज ना उद्या तो स्वतःहून देईल या आशेवर हे वर्ष निघून गेले, तर वसुलीचा हा मार्ग त्या रकमेपुरता बंद होतो.