‘गाडी पळाली पाहिजे!’ — गिऱ्हाईकाला नेमके काय हवे असते?

दुचाकीच्या कोणत्याही गॅरेजमध्ये तासभर बसून पाहावे. पंक्चर, ऑइल बदलणे, क्लच प्लेट टाकणे अशी नेहमीची कामे चाललेली असतात. तेवढ्यात एखादा तरुण येतो. गाडी वर्षाचीही झालेली नसते, बिघाड काही नसतो. तरीही तो म्हणतो, “उस्ताद, गाडी ओढत नाही. काहीतरी करा, पळाली पाहिजे.”

कंपनीच्या शेकडो इंजिनिअरांनी वर्षानुवर्षे खपून तयार केलेली गाडी एका मिस्त्रीच्या हातून आणखी सुधारेल, असे या तरुणाला का वाटते? हा निव्वळ पोरखेळ आहे, असे म्हणून प्रश्न सुटत नाही. या मागणीवर आज गॅरेजवाले, लेथवाले, स्पेअर पार्टचे दुकानदार अशा अनेकांचे पोट चालते. या धंद्यात आपले असंख्य तरुण आहेत. म्हणून गिऱ्हाईकाच्या मागणीत खरे किती, भ्रम किती आणि धोका किती, हे नीट समजून घेणे त्यांच्या फायद्याचे आहे.

कंपनीची गाडी सर्वांसाठी असते

पहिली गोष्ट अशी की गिऱ्हाईकाचे म्हणणे अगदीच खोटे नसते. कंपनी गाडी बनवते ती लाखो लोकांसाठी. तीच गाडी राजस्थानच्या उन्हातही चालली पाहिजे आणि महाबळेश्वरच्या घाटातही. तिचे अ‍ॅव्हरेज चांगले हवे, धूर व आवाज सरकारी मर्यादेत हवा, किंमत परवडणारी हवी आणि मालकाने वेळेवर ऑइल बदलले नाही तरी इंजिन टिकले पाहिजे. इतक्या अटी सांभाळायच्या म्हणजे प्रत्येक बाबतीत थोडी तडजोड आलीच. साहजिकच इंजिनात थोडी ताकद राखून ठेवलेली असते आणि ती बाहेर काढता येते, हे खरे आहे. मात्र ती फुकट मिळत नाही. वेग वाढला तर अ‍ॅव्हरेज, टिकाऊपणा किंवा कायद्याची मर्यादा यांपैकी काहीतरी हातचे जाते. हा सौदा गिऱ्हाईकाला समजावून सांगणे हे कारागिराचे पहिले काम.

कामगिरी म्हणजे केवळ वेग नव्हे

दुसरी गोष्ट, प्रत्येक मालकाची गरज वेगळी असते. दुधाचे कॅन लादून कच्च्या रस्त्याने जाणाऱ्याला ओढ हवी असते. शहरात घरोघर पार्सल पोहोचवणाऱ्याला अ‍ॅव्हरेज हवे असते. सुटीत लांबच्या सफरीवर जाणाऱ्याला शंभर किलोमीटरनंतर पाठ दुखू नये एवढेच हवे असते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे डिझेल बुलेट. पेट्रोल महाग आणि डिझेल स्वस्त, म्हणून अनेक मिस्त्रींनी जुन्या बुलेटमध्ये डिझेल इंजिन बसवून दिले. पुढे एनफिल्ड कंपनीनेच ‘टॉरस’ नावाची ३२५ सीसीची डिझेल मोटारसायकल बाजारात आणली. तिची ताकद जेमतेम साडेसहा अश्वशक्ती. चढावर ती धापा टाकी, पण पेट्रोल बुलेटच्या दुपटीहून अधिक अंतर एका लिटरमध्ये तोडी. सौराष्ट्रातील कारागिरांनी तर बुलेटच्या पुढच्या भागाला डिझेल इंजिन आणि मागे दोन चाकांचा सांगाडा जोडून ‘छकडा’ तयार केला आणि खेड्यापाड्यांची वाहतूक त्यावर चालवली. स्वस्तात चालणाऱ्या गाडीची ही भूक अजूनही आहे. २०२४ मध्ये पुण्याच्या बजाज कंपनीने सीएनजीवर चालणारी मोटारसायकल बाजारात आणली, ती याच भुकेचे उत्तर होय.

थोडक्यात, “गाडी चांगली चालली पाहिजे” असे गिऱ्हाईक म्हणाले की पाना उचलण्याआधी विचारावे : गाडी कुठे चालते, ओझे किती असते, रोजचे अंतर किती?

आरएक्स १००ने दिलेला धडा

आपल्या देशात वेगाचे वेड लावले ते यामाहा आरएक्स १०० ने. १९८५ मध्ये एस्कॉर्ट्स कंपनीने आणलेली ही टू-स्ट्रोक गाडी १९९६ पर्यंत निघत होती. ९८ सीसी, ११ अश्वशक्ती आणि वजन सुमारे शंभर किलो. वजनाच्या मानाने ताकद मोठी, म्हणून पिकअप जबरदस्त. टू-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्हची गुंतागुंत नसते. सिलिंडरच्या भिंतीतील खिडक्यांसारख्या पोर्टमधून मिश्रण आत येते व धूर बाहेर जातो. या पोर्टचा आकार किंचित बदलला की इंजिनाचा स्वभाव बदलतो. त्यामुळे चेन्नईजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवरील शर्यतींपासून गल्लीतल्या गॅरेजपर्यंत या गाडीवर कानशी चालू लागल्या.

धडा असा : पोर्ट वर चढवले की वरच्या गतीला ताकद वाढते, पण खालच्या गतीला गाडी मरगळते. शर्यतीच्या ट्रॅकवर हे चालते. सिग्नल, खड्डे आणि गर्दी असलेल्या रस्त्यावर तोच मालक आठ दिवसांत तक्रार घेऊन येतो. आणि घासून गेलेला धातू परत येत नाही, सिलिंडरच बदलावा लागतो.

बोअर वाढवण्याबाबतही असाच गैरसमज आहे. आरएक्स १०० चा बोअर ५० मिलिमीटर आणि स्ट्रोकही ५० मिलिमीटर. बोअर एक मिलिमीटरने वाढवला तर ९८ सीसीचे १०२ सीसी होतात, म्हणजे अवघी चार टक्के वाढ. बोअरिंग हे झिजलेल्या इंजिनाला पुन्हा उभे करण्याचे काम आहे. ते ताकद वाढवण्याचा उपाय म्हणून विकणे योग्य नव्हे.

हवा, पेट्रोल आणि सायलेन्सर

इंजिन म्हणजे हवेचा पंपच. जितकी जास्त हवा आत जाईल, तितके जास्त पेट्रोल जाळता येते आणि तितकी ताकद मिळते. म्हणून मालक आधी एअर फिल्टर बदलतो, मग सायलेन्सर. येथेच सर्वांत मोठी चूक होते. एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनाने सुमारे पावणेपंधरा भाग हवा लागते. नुसता मोकळा फिल्टर बसवला आणि कार्बोरेटरचा जेट तोच ठेवला, तर हवा वाढते, पेट्रोल वाढत नाही. मिश्रण पातळ होते, इंजिन तापते आणि लांबच्या प्रवासात पिस्टन धरतो किंवा त्याला भोक पडते. अनुभवी मिस्त्री प्लग काढून पाहतो. टोक फिक्कट पांढरे म्हणजे मिश्रण पातळ, काजळीने काळे म्हणजे पेट्रोल जास्त, तपकिरी म्हणजे बरोबर. ही साधी परीक्षा न करता गाडी गिऱ्हाईकाच्या ताब्यात देऊ नये. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. त्यामुळे जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत मिश्रण आणखी पातळ होते आणि जुने रबरी भागही खराब होऊ शकतात, हेही ध्यानात ठेवावे.

सायलेन्सरची गोष्ट तर मजेची आहे. टू-स्ट्रोक गाडीत सायलेन्सरचा फुगीर आकार मुद्दाम केलेला असतो. धुराबरोबर बाहेर निघालेले ताजे मिश्रण तेथून परतणाऱ्या दाबाच्या लाटेने पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलले जाते. आतली जाळी काढली किंवा नळी कापली की हा मेळ बिघडतो. फोर-स्ट्रोक गाडीत नुसता मोकळा सायलेन्सर लावला तर ताकद नावापुरती वाढते, आवाज मात्र दुप्पट होतो. कानाला मोठा आवाज आला की मनाला वेग वाटतो. गिऱ्हाईक पैसे देते ताकदीचे आणि घरी घेऊन जाते आवाज.

एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ गाड्यांत तर कार्बोरेटरची जागा बहुतेक ठिकाणी फ्युएल इंजेक्शनने घेतली आहे. धुरातील ऑक्सिजन मोजणारा सेन्सर आणि पेट्रोलचे प्रमाण ठरवणारा छोटा संगणक त्यांत असतो. येथे स्क्रू ड्रायव्हरचे काम नाही. शिकल्याशिवाय हात घातला तर डॅशबोर्डवर दिवा पेटतो आणि वॉरंटीही जाते.

चेनचा हिशेब

कमी खर्चात खरोखर फरक पाडणारा बदल म्हणजे स्प्रॉकेटचा. समजा, पुढे १४ दात आणि मागे ४२ दात आहेत. म्हणजे प्रमाण ३ झाले. पुढे १३ दातांचे बसवले तर प्रमाण ३.२३ होते. ओढ सुमारे पावणेआठ टक्क्यांनी वाढते, पण त्याच वेगाला इंजिन जास्त फिरते आणि पेट्रोल जास्त लागते. उलट पुढे १५ दातांचे बसवले तर प्रमाण २.८ होते. सपाट हमरस्त्यावर इंजिन शांत चालते, घाटात मात्र गिअर पाडावा लागतो. दूधवाल्याला पहिला हिशेब, हायवेवाल्याला दुसरा.

सर्वाधिक वेगाबाबत एक गोष्ट तरुणांना सांगितलीच पाहिजे. वेग वाढला की हवेचा अडथळा झपाट्याने वाढतो. त्यामुळे इंजिनाची ताकद दहा टक्क्यांनी वाढली तरी सर्वाधिक वेग जेमतेम तीन टक्क्यांनी वाढतो. म्हणजे ९० चे सुमारे ९३. एवढ्यासाठी इंजिन खोलायचे का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

खर्चाचाही हिशेब मांडून दाखवावा. गाडी रोज ५० किलोमीटर चालते आणि अ‍ॅव्हरेज ६० वरून ५० वर आले, असे समजा. महिन्याला २५ लिटरऐवजी ३० लिटर पेट्रोल लागेल. लिटरला शंभर रुपये धरले तरी महिन्याला ५०० आणि वर्षाला ६,००० रुपये जादा गेले.

आधी थांबणे, मग पळणे

ब्रेक, टायर व शॉकअब्सॉर्बर यांच्याकडे गिऱ्हाईकाचे लक्ष नसते, कारण ते दिसत वा ऐकू येत नाहीत. वास्तविक पाहता चांगल्या रबराचे टायर, योग्य हवा, नवे ब्रेक पॅड आणि नीट ताणलेली, तेल दिलेली चेन यांनी गाडी जितकी सुधारते, तितकी अर्ध्या इंजिनकामाने सुधारत नाही. मात्र शोभेसाठी फार रुंद टायर बसवला तर गाडी जड होते आणि पिकअप मरतो. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे आहे. अशा गाडीत टायरचा आकार बदलला तर चाकाची गती मोजण्याचा हिशेब चुकतो आणि ऐन वेळी ब्रेक दगा देऊ शकतो.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, नोंदणी पुस्तकातील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले. इंजिन बदलायचे असेल तर आरटीओची परवानगी लागते. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आवाज व धुराची मर्यादा मोडल्यास पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. राज्यातील अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले फटाके फोडणारे सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले आहेत. शिवाय अपघात झाल्यास न कळवलेल्या बदलावर बोट ठेवून विमा कंपनी भरपाई नाकारू शकते.

गॅरेजवाल्यांसाठी चार गोष्टी

पहिली, नवे काही बसवण्यापूर्वी पूर्ण सर्व्हिस करावी. अनेकदा “गाडी ओढत नाही” याचे कारण घाण फिल्टर, अडकून घासणारा ब्रेक, झिजलेली क्लच प्लेट किंवा सैल चेन एवढेच असते. दुसरी, कोणता बदल केला ते बिलावर लिहावे आणि काढलेला मूळ भाग गिऱ्हाईकाला परत द्यावा. तिसरी, बेकायदा काम असेल तर तोंडावर नाही म्हणावे. सायलेन्सर विकून मिळणारे पैसे एकदाच मिळतात. दंड भरून आलेला गिऱ्हाईक मात्र दुकानाचे नाव गावभर करतो. चौथी, हुशार मुलांनी इंजेक्शन व सेन्सरचे काम रीतसर शिकून घ्यावे, कारण नव्या गाड्या सर्व त्याच येणार आहेत.

ज्याला खरोखरच वेगाची हौस आहे त्याला शर्यतीच्या ट्रॅकचा रस्ता दाखवावा. इरुंगट्टुकोट्टई येथे १९९० पासून असा ट्रॅक आहे. तेथे नियम असतात, हेल्मेट-कपड्यांची सक्ती असते आणि समोरून एसटी येत नाही. बाकीच्या गिऱ्हाइकांना त्यांच्या कामाला साजेशी, वेळेवर थांबणारी आणि खिशाला परवडणारी गाडी करून द्यावी. असे गिऱ्हाईक पुढच्या वेळी आपल्या भावाची गाडीही घेऊन येते.