महाकाय भोपळा

महाकाय भोपळा हे कुकर्बिटा मॅक्झिमा या वेलवर्गीय वनस्पतीच्या निवडक वाणांपासून मुख्यतः आकारमान व वजन यांसाठी वाढवले जाणारे फळ आहे. उत्तर अमेरिका व युरोपमध्ये शरद ऋतूत अशा भोपळ्यांच्या वजनाच्या स्पर्धा भरतात. चव बेताची असल्याने खाण्यासाठी त्यांना फारशी मागणी नसते.

इतिहास

कॅनडातील विल्यम वॉरनॉक यांनी इ.स. १९०४ च्या सेंट लुईस जागतिक प्रदर्शनात ४०३ पौंड (सुमारे १८३ किलोग्रॅम) वजनाचा भोपळा मांडला. हा विक्रम इ.स. १९७६ पर्यंत अबाधित राहिला. त्यानंतरच्या वाढीचे श्रेय प्रामुख्याने नोव्हा स्कॉशियातील शेतकरी हॉवर्ड डिल यांना दिले जाते. त्यांनी निवड पद्धतीने विकसित केलेल्या ‘डिल्स अटलांटिक जायंट’ या वाणापासूनच आजचे विक्रमी भोपळे उत्पन्न झाले आहेत. इ.स. १९९६ मध्ये १,००० पौंडांचा, तर इ.स. २०१२ मध्ये २,००० पौंडांचा टप्पा ओलांडला गेला. इ.स. २०२१ मध्ये इटलीतील भोपळ्याचे वजन १,२२६ किलोग्रॅम, इ.स. २०२३ मध्ये अमेरिकेतील भोपळ्याचे सुमारे १,२४७ किलोग्रॅम आणि इ.स. २०२५ मध्ये इंग्लंडमधील भोपळ्याचे १,२७८.८ किलोग्रॅम भरले.

लागवड

बियाण्याची वंशावळ काटेकोरपणे नोंदवली जाते. बी ज्या भोपळ्यातून निघाले त्याचे पौंडांतील वजन, उत्पादकाचे आडनाव व वर्ष यांवरून ते ओळखले जाते. मादी फुलांचे परागीभवन हाताने करतात आणि पुढे वेलीवर एकच फळ राखतात. वेलीची पेरे मातीने झाकल्यास तेथे नवी मुळे फुटून पाणी व पोषकद्रव्यांचा पुरवठा वाढतो. ऐन वाढीच्या काळात फळाचे वजन दिवसाला २० किलोग्रॅमहूनही अधिक वाढू शकते.

वाढीची कारणे व मर्यादा

इ.स. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, महाकाय वाणांत पानांतील शर्करा फळापर्यंत नेणाऱ्या रसवाहिन्यांचे प्रमाण लहान फळांच्या वाणांपेक्षा अधिक असते. फळ मोठे होते तसे ते स्वतःच्या भाराने खाली बसून चपटे होते. आतील वाढीचा वेग सालीला न पेलल्यास फळ तडकते. साल उन्हाने कडक होऊ नये म्हणून फळावर सावली करतात. तडा आतील पोकळीपर्यंत पोहोचल्यास फळ अधिकृत स्पर्धेतून बाद ठरते. त्यामुळे अतिवेगाने होणारी वाढ विक्रमाला पोषक असली, तरी तितकीच घातकही ठरू शकते.