खाण तशी माती : पिल्लू घेण्याआधी ब्रीडर पारखताना

कुत्र्याचे पिल्लू घरी आणायचे ठरले की बहुतेक कुटुंबांत जात, रंग आणि किंमत यांवर चर्चा होते. ते पिल्लू ज्या कुत्रीच्या पोटी जन्मले तिची चौकशी मात्र क्वचितच केली जाते. वास्तविक दीड-दोन महिन्यांच्या पिल्लाकडे पाहून त्याचा पुढचा स्वभाव किंवा त्याच्यात दडलेले आनुवंशिक आजार यांविषयी फारच थोडे सांगता येते, आणि जे कळण्याजोगे असते ते त्याची आई, तिला सांभाळणारा माणूस आणि तिची राहण्याची जागा यांवरूनच कळते. ‘खाण तशी माती’ ही म्हण येथे शब्दशः लागू पडत असल्याने पिल्लाची पारख ही आधी ब्रीडरची, म्हणजे विशिष्ट जातीच्या कुत्र्यांची पैदास करणाऱ्याची, पारख ठरते.

पहिला प्रश्न असा की समोरचा विक्रेता ब्रीडर आहे की निव्वळ दलाल. कुत्री साधारण ६३ दिवस गाभण राहते आणि त्यानंतर पिल्ले किमान ८ आठवडे आईजवळ राहणे आवश्यक असते. म्हणजे एका वेताला, अर्थात एका बाळंतपणातील पिल्लांना, विक्रीयोग्य होईपर्यंत सुमारे चार महिने लागतात. त्यामुळे एक-दोन जातींचीच पैदास करणाऱ्याकडे बहुतेक वेळा देण्यासाठी पिल्लू नसते आणि ग्राहकाला थांबावे लागते. याउलट लॅब्रॅडॉरपासून पगपर्यंत हवी ती जात आणि हवा तो रंग आजच्या आज देऊ करणारा विक्रेता पिल्ले इतरांकडून गोळा करीत असण्याची शक्यता अधिक असते, आणि त्या पिल्लांची आई कोठे व कशी ठेवली आहे हे त्यालाही ठाऊक असेलच असे नाही.

भारतात या व्यवसायासाठी २०१७ पासून प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालील स्वतंत्र नियम लागू आहेत. ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी, कुत्री १८ महिन्यांची होण्यापूर्वी तिची पैदास करू नये, वर्षातून एकाहून अधिक वेत आणि आयुष्यात पाचांहून अधिक वेते घेऊ नयेत, तसेच ८ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकू नये, असे ते नियम सांगतात. कुत्री साधारणपणे दर सहा-सात महिन्यांनी माजावर येत असल्यामुळे नफ्यासाठी प्रत्येक माजात तिला गाभण ठेवण्याचा मोह होतो, आणि वर्षाला एक वेत ही मर्यादा त्याच मोहाला घातलेला बांध आहे. नोंदणीचे प्रमाणपत्र पाहायला मागणे हा ग्राहकाचा आगाऊपणा नव्हे. प्रामाणिक व्यावसायिकाला त्यात वावगे वाटण्याचे कारण नसते.

मात्र कागदाआधी पिल्लांना त्यांच्या आईसह, जेथे ती जन्मली तेथेच पाहावे. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या ‘लुसीज लॉ’ने सहा महिन्यांच्या आतील पिल्लांची मध्यस्थांमार्फत होणारी व्यापारी विक्री बंद केली. २०१३ मध्ये वेल्समधील एका पैदास-केंद्रातून सोडवलेल्या आणि सततच्या बंदिवासाने व बाळंतपणांनी खंगलेल्या लुसी नावाच्या कुत्रीवरून तो कायदा ओळखला जातो. ‘आई गावी असते’ किंवा ‘ती अंगावर येते’ अशी उत्तरे मिळाली, अथवा पिल्लू रस्त्यात वा रेल्वे स्थानकावर आणून देण्याची तयारी दाखवली गेली, तर तो व्यवहार तेथेच थांबवणे शहाणपणाचे ठरते. नुकत्याच व्यालेल्या कुत्रीचे अंग उतरलेले आणि केस गळालेले असणे स्वाभाविक आहे. परंतु स्वतःच्या मालकाला पाहून ती अंग चोरत असेल, तर ते स्वाभाविक नाही. पिल्ले तिच्याकडे दूध पिण्यासाठी झेपावतात का आणि तिचे सड दूध पाजल्यासारखे दिसतात का हेही पाहावे, कारण दाखवायला म्हणून दुसरीच कुत्री पुढे केली जाऊ शकते.

आठ आठवड्यांच्या अटीमागे दूध तुटण्याइतकेच शिक्षणाचेही कारण आहे. अमेरिकेतील जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या संशोधकांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून पिल्लाच्या तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचे महत्त्व पुढे आले. या काळात ते माणसांशी आणि इतर कुत्र्यांशी कसे वागावे हे शिकते, आणि भावंडांशी खेळताना चावा किती जोराचा झाला की समोरचा कळवळतो हेही त्याला समजते. ‘लहानपणी आणले की लळा लागतो’ या समजुतीने महिन्याभराचे पिल्लू उचलणारे कुटुंब त्याला याच शिक्षणाला मुकवते.

रोगांच्या बाबतीतही दिसण्यावर विसंबता येत नाही. पार्वो या विषाणूची लागण झाल्यापासून उलट्या आणि रक्तमिश्रित जुलाब सुरू होईपर्यंत साधारण ३ ते ७ दिवस जातात, त्यामुळे विक्रीच्या दिवशी बागडणारे पिल्लू त्याच आठवड्यात मरणासन्न होऊ शकते. शिवाय हा विषाणू जमिनीवर व पिंजऱ्यात महिनोन्‌महिने टिकत असल्याने अनेक ठिकाणची पिल्ले एकत्र कोंबलेली जागा सर्वांत धोक्याची असते. लसीकरणाच्या कार्डावर नुसती बरोबरची खूण पुरेशी नसून लसीच्या कुपीवरील चिकटपट्टी, तारीख आणि पशुवैद्याची नोंदणी क्रमांकासह सही असावी.

‘केसीआयचे कागद’ हा या बाजारातील परवलीचा शब्द आहे. केनेल क्लब ऑफ इंडिया ही संस्था पिल्लाची नोंद करून वंशावळ देते. मात्र ती पिल्लाचे कूळ सांगते, प्रकृती नव्हे, आणि शासकीय नोंदणीची जागाही घेत नाही. वंशावळीत आईच्या व बापाच्या बाजूला एकच नाव पुन्हा पुन्हा येत असेल, तर जवळच्या नात्यात पैदास झाल्याचे ते लक्षण असते. लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्ड या जातींत हिप डिस्प्लेशिया, म्हणजे मांडीच्या हाडाचा माथा कमरेच्या खोबणीत नीट न बसण्याचा विकार, बराच आढळतो. पिल्लाच्या वयात त्याची खात्री करता येत नसल्याने आईबापांचे मोठेपणी काढलेले एक्स-रे मागणे हाच उपाय उरतो. ‘हेवी बोन’, ‘शो क्वालिटी’, ‘टीकप’ ही विशेषणे किंमत वाढवतात, पण त्यांपैकी एकही आरोग्याची हमी देत नाही.

चांगला ब्रीडर ग्राहकालाही पारखतो. दिवसभर घरी कोण असते, घर केवढे आहे, हीच जात का हवी, असे तो विचारतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात सायबेरियन हस्की नेऊ पाहणाऱ्याला तो परावृत्त करतो आणि पिल्लू सांभाळणे न जमल्यास परत घेण्याची तयारी दाखवतो. अशी बोलणी कागदावर उतरवून मायक्रोचिपचा क्रमांक असलेली पावती घ्यावी, आणि पहिल्या दोन दिवसांत स्वतःच्या पशुवैद्याकडून होणाऱ्या तपासणीत दोष आढळल्यास काय करायचे हेही आधीच लिहून ठेवावे.

सर्वांत अवघड प्रसंग येतो तो घाणेरड्या पिंजऱ्यातील मलूल पिल्लू पाहून मन द्रवते तेव्हा. ते विकत घेतल्याने एक जीव सुटतो हे खरे. परंतु विक्रेत्याच्या हिशेबात तो एक खपलेला नग असतो आणि रिकामा झालेला पिंजरा भरण्यासाठी आतल्या खोलीतील कुत्री पुन्हा गाभण ठेवली जाते. म्हणून अशा ठिकाणाहून रिकाम्या हाताने परतून राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे तक्रार करणे कठोर वाटले, तरी ग्राहकाने कधीही न पाहिलेल्या त्या आईच्या दृष्टीने तेच अधिक दयेचे ठरते.