कोर्साकोव्हची विकृती : व्यसन, पोषण आणि स्मृती

अमेरिकन मनोरोगचिकित्सकांच्या संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या निदानसंहितेच्या पाचव्या आवृत्तीत मज्जासंस्थेच्या विकासातील विकृती, मादक द्रव्ये व व्यसने यांच्या विकृती आणि बोधनशक्तीचा ऱ्हास करणाऱ्या मज्जाविकृती यांना स्वतंत्र प्रकरणे दिलेली आहेत. अध्यापनाला ही विभागणी सोयीची आहे. परंतु रुग्ण काही प्रकरणांच्या सीमा पाळून आजारी पडत नाही. एकटे मद्य घेतले तरी त्याचा तिन्ही प्रकरणांत प्रवेश होतो. गर्भावस्थेत ते मेंदूच्या वाढीस बाधक होते, प्रौढपणी व्यसन जडविते, आणि काही मद्यपींच्या बाबतीत स्मृतीच्या नाशास कारण होते. या शेवटच्या अवस्थेचा येथे विचार करावयाचा आहे. कारण तिला लावले जाणारे ‘मद्यजन्य’ हे विशेषण कार्यकारणाविषयी दिशाभूल करते.

मॉस्को येथील सर्गेई कोर्साकोव्ह याने १८८७ पासून या विकृतीची वर्णने प्रसिद्ध केली. रुग्णाचे संभाषण सुसंगत असते, जुन्या आठवणीही पुष्कळ अंशी टिकून असतात. मात्र घटकेपूर्वी भेटून गेलेला मनुष्य त्याला आठवत नाही. ही पोकळी तो अनेकदा कल्पित हकिकतींनी भरून काढतो. आठवडाभर इस्पितळाबाहेर न पडलेला रुग्ण, आपण सकाळीच बाजार करून आलो, असे निःशंकपणे सांगतो. याला असत्यभाषण म्हणता येणार नाही. असत्य बोलणाऱ्याला सत्य ठाऊक असते. येथे ते ठाऊकच नसते. पण सांगणारा मद्यपी असला की ऐकणाऱ्याचा निवाडा आधीच झालेला असतो!

या विकृतीची तीव्र पूर्वावस्था कार्ल व्हेर्निके याने १८८१ मध्ये वर्णिली होती : मनाचा गोंधळ, नेत्रांच्या हालचालीत बिघाड आणि चालताना तोल जाणे. त्याच्या तीन रुग्णांपैकी दोघे मद्यपी होते. तिसरी एक तरुण स्त्री. तिने गंधकाम्ल प्राशन केले होते, आणि त्यामुळे जठराचे मुख आकुंचित होऊन तिच्या पोटात अन्न ठरत नव्हते. ही तिसरी रुग्णच सर्वांत बोधप्रद आहे. खरे कारण थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, यांचा अभाव हे होय, असे पुढे निश्चित झाले. शरीरातील त्याचा साठा सुमारे ३० मिलिग्रॅम, म्हणजे काही आठवडे पुरेल एवढाच असतो. मद्यपी नीट जेवत नाही, आणि जे खातो त्यातील थायमिनचे शोषण मद्य रोखते. दीर्घ उपासमारीत किंवा गर्भारपणातील अनावर ओकाऱ्यांतही हाच परिणाम घडू शकतो. थॅलॅमस व त्याच्या खालील दोन लहान पिंड यांच्यावर मुख्य आघात होतो.

या भेदाला व्यवहारात मोठे महत्त्व आहे. ऑस्ट्रेलियात १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, शवविच्छेदनात ही विकृती आढळलेल्या १३१ व्यक्तींपैकी सुमारे २० टक्क्यांचेच निदान हयातीत झाले होते. व्हेर्निकेची तिन्ही लक्षणे एकत्र अशी अवघ्या १६ टक्क्यांत नोंदलेली होती. झोकांड्या खाणारा, गोंधळलेला मद्यपी पाहिला की तो प्यालेला आहे एवढेच मनात येते. वास्तविक त्याच वेळी शिरेतून थायमिन दिल्यास पुढील स्मृतिनाश पुष्कळदा टळतो. उलट थायमिन न देता नुसती ग्लुकोज चढविल्यास अवस्था अधिक बिघडण्याचा धोका असतो. ऑस्ट्रेलियाने १९९१ पासून पावाच्या पिठात थायमिन मिसळणे सक्तीचे केले, ते याच जाणिवेने.

स्मृतिनाश एकदा स्थिरावला म्हणजे पूर्ण सुधारणा क्वचितच होते. तथापि ‘सर्व स्मृती गेली’ हे विधानही तपासून घ्यावे लागते. जिनिव्हा येथील एदुआर क्लापारेद याने, १९११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्याच्या वृत्तांतानुसार, अशा एका रुग्ण स्त्रीशी हस्तांदोलन करताना बोटांत टाचणी लपविली होती. पुढे त्याने हात पुढे करताच तिने आपला हात मागे घेतला. कारण मात्र तिला सांगता येईना. जाणिवेत न येणारी ही स्मृती शाबूत असल्यामुळे अशा रुग्णांना नवी कामे काही प्रमाणात शिकविता येतात. फक्त शिकताना त्यांच्या हातून चूक होऊ न देण्याची दक्षता घ्यावी लागते. कारण झालेली चूक त्यांना आठवत नाही, पण तिची सवय मात्र जडते.