परतीची वेळ

गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही कळसूबाईवर गेलो होतो. परतीच्या पावसाचे दिवस होते. या दिवसांत सकाळचे निरभ्र आकाश दुपारनंतर पाहता पाहता भरून येते आणि उघड्या माथ्यावर, लोखंडी शिड्यांच्या सान्निध्यात, विजेपासून आडोसा कोठेच नसतो. म्हणून बारी गावातून निघतानाच ठरविले होते की, बारा वाजता जेथे असू तेथून मागे फिरायचे. बारा वाजले तेव्हा आम्ही शेवटच्या शिडीच्या खाली होतो. माथ्यावरचे मंदिर डोळ्यांसमोर होते. ढग होते, पण फार नव्हते. आम्ही मागे फिरलो. त्या दिवशी सायंकाळपर्यंत पावसाचा एक थेंबही पडला नाही. वसतिगृहात परतल्यावर, सायंवंदनेनंतर, एका मुलाने विचारले, “सर, पाऊस तर आलाच नाही. मग आपण परत का फिरलो?”

प्रश्न रागाने विचारलेला नव्हता. म्हणूनच तो अधिक बोचला. त्याचे उत्तर त्या रात्री आम्हांला नीट देता आले नाही. ते येथे देण्याचा प्रयत्न करीत आहोत.

साहसी खेळांत ‘परतीची वेळ’ ही कल्पना सर्वांत कठोरपणे पाळावी लागते ती एव्हरेस्टवर. नेपाळच्या बाजूने जाणारे गिर्यारोहक सुमारे 7900 मीटरवरील साऊथ कोलच्या छावणीतून मध्यरात्रीच्या सुमारास निघतात. दुपारी एक, फार तर दोन वाजेपर्यंत शिखर गाठता आले नाही, तर जेथे असतील तेथून परतावे असा तेथील संकेत आहे. त्यामागे साधे गणित आहे. पाठीवरच्या नळकांड्यांतील प्राणवायू मोजक्या तासांचा असतो. अंधार पडण्यापूर्वी छावणी गाठावी लागते आणि दुपारनंतर हवा बिघडण्याचा धोका वाढतो. शिवाय ज्या उतारावर पाऊल चुकले तर सावरता येत नाही, तो उतार सर्वाधिक थकलेल्या अवस्थेत उतरायचा असतो.

परंतु खरी अडचण गणिताची नाही, गणित करणाऱ्या मेंदूची आहे. एव्हरेस्टच्या 8848.86 मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे एक तृतीयांश उरतो. हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेवढेच असते, पण दाब कमी झाल्याने तो रक्तात पुरेसा उतरत नाही. आठ हजार मीटरांच्या वरच्या भागाला गिर्यारोहक ‘डेथ झोन’ म्हणतात. तेथे शरीर दर तासाला खंगत जाते आणि विचारशक्ती मंदावते. ज्या क्षणी सर्वांत शहाणा निर्णय घ्यायचा, त्याच क्षणी निर्णय घेणारा सर्वांत दुबळा असतो. म्हणून निर्णय खाली, चहाचा पेला हातात असताना घेऊन ठेवायचा आणि वर केवळ त्याचे पालन करायचे.

10 मे 1996 रोजी हे पालन झाले नाही. न्यूझीलंडचे रॉब हॉल हे अत्यंत सावध मार्गदर्शक म्हणून ओळखले जात. आदल्याच वर्षी त्यांनी डग हॅन्सन या अमेरिकी टपाल कर्मचाऱ्याला शिखर हाकेच्या अंतरावर असताना परत फिरविले होते. हॅन्सन दुसऱ्यांदा आले. त्या दिवशी वाटेत गर्दी झाली, दोर बांधण्यास विलंब झाला आणि हॅन्सन शिखरावर पोहोचले तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते. हॉल त्यांच्यासाठी थांबले. दोघेही परतले नाहीत. त्या वादळात पर्वताच्या दोन्ही बाजू मिळून आठ जणांचा मृत्यू झाला. त्यांत उत्तरेकडून चढणारे भारत-तिबेट सीमा पोलिस दलाचे तीन जवान होते. हॉल यांच्याच तुकडीतील तिघे मात्र सकाळीच, पुढची रांग पाहून, वेळेत पोहोचणे शक्य नाही हे ओळखून परतले होते. ते जगले. आमच्या मते हॉल यांचा दोष शोधत बसणे सोपे आहे. ज्याला एकदा रिकाम्या हाताने परत पाठविले, त्याला दुसऱ्यांदा ‘नाही’ म्हणणे किती जड असते, हे आम्हां शिक्षकांना तरी ठाऊक असावे.

त्याच हंगामात गोरान क्रॉप हा स्वीडिश तरुण तेथे होता. तो स्वीडनहून सायकलने नेपाळला आला होता. कृत्रिम प्राणवायूविना, कोणाच्याही मदतीविना चढणार होता. 3 मे रोजी शिखर सुमारे शंभर मीटर उरले असता, उतरताना अंधार गाठेल हे जाणून तो मागे फिरला. हजारो किलोमीटरच्या प्रवासानंतरचे शंभर मीटर! 23 मे रोजी तो पुन्हा गेला आणि शिखरावर पोहोचला.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग मुलांना डोंगरावर न्यावेच कशाला? हे आम्हांला मान्य नाही. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील सामाजिक कल्याण निवासी शाळेत शिकणारी मालावत पूर्णा ही आदिवासी शेतमजुरांची मुलगी 25 मे 2014 रोजी एव्हरेस्टवर उभी राहिली, तेव्हा तिचे वय 13 वर्षे 11 महिने होते. 2018 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या विद्यार्थ्यांनीही तेथे पाय ठेवला. वसतिगृहात वाढणाऱ्या मुलांना या घटनांनी काय दिले, ते आम्ही रोज पाहतो. तरीही पूर्णाच्या बाबतीत एक गोष्ट मनातून जात नाही. नेपाळमध्ये सोळा वर्षांखालील व्यक्तीस परवाना मिळत नाही, म्हणून तिची मोहीम तिबेटच्या बाजूने गेली. त्या संमतिपत्रावर आम्ही सही केली असती का? प्रामाणिकपणे सांगायचे तर, नाही. मात्र भोंगीरच्या खडकापासून दार्जिलिंगच्या हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूटपर्यंत टप्प्याटप्प्याने मुले गळत जाऊन अखेर दोघांची निवड झाली, हे आम्हांला शिखराइतकेच महत्त्वाचे वाटते. ज्यांना थांबविले गेले, त्यांचे फोटो कोठे छापले गेले नाहीत.

क्रॉपची गोष्ट अजून थोडी बाकी आहे. एव्हरेस्टवरून शहाणपणाने परतलेला हा माणूस 2002 मध्ये अमेरिकेतील एका लहानशा कड्यावरून पडून गेला. तो कडा कळसूबाईच्या पासंगालाही पुरला नसता.

त्या मुलाला आम्ही आता एवढेच सांगतो की, पाऊस आला नाही म्हणून निर्णय चुकला असे होत नाही, आणि आला असता म्हणून तो बरोबर ठरला असता असेही नाही. बारा वाजता आम्हांला जे ठाऊक होते, त्यावरच तो तोलायचा. त्याला हे पुरते पटलेले नाही. या जानेवारीत आम्ही पुन्हा कळसूबाईला जात आहोत; थंडीत विजेचे भय नसल्याने वेळ दोनची ठेवली आहे. पालकांना पाठविलेल्या संमतिपत्रात ती सहीच्या जागेच्या वरच, ठळक अक्षरांत छापली आहे, आणि तिच्याखाली या वेळी विद्यार्थ्याच्या सहीसाठीही एक ओळ ठेवली आहे.