‘पे’ हे क्रियापद आणि त्याचे निपात

इंग्रजीत पैसे देण्याच्या क्रियेस ‘पे’ हे एकच क्रियापद प्रमुख असले, तरी ‘ऑफ’, ‘बॅक’, ‘अप’, ‘आउट’ असे निपात जोडून त्याचे जे अर्थ साधले जातात, ते मराठी अभ्यासकास बहुधा चकवितात. हे निपात मुळात स्थलवाचक असले, तरी येथे ते क्रियेची दिशा किंवा पूर्तता दर्शवितात. अशा जोडांचे ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव लोगन पिअर्सल स्मिथ यांच्या १९२५ च्या ‘वर्ड्‌स अँड इडियम्स’ या ग्रंथामुळे प्रचारात आले.

सर्वांत अधिक घोटाळा होतो तो ‘पे बॅक’ आणि ‘पे ऑफ’ यांत. कर्जाच्या कागदपत्रांत तर तो महागात पडावयाचा. ‘बॅक’ने केवळ परतीची दिशा कळते. हजार रुपयांच्या कर्जापैकी दोनशे परत केले, तरी ‘ही पेड बॅक टू हंड्रेड’ हे विधान खरे ठरते. ‘ही पेड ऑफ द लोन’ म्हणताच मात्र एक पैही बाकी उरली नाही, असा अर्थ होतो. दोहोंचे भाषांतर सरसकट ‘परत केले’ असे करणे म्हणजे ऋणमुक्त झालेल्या माणसास पुन्हा ऋणकोच्या यादीत बसविणे होय. ‘फेडून टाकले’ यात ‘टाकणे’ जे काम करते, तेच येथे ‘ऑफ’ करतो. हप्त्याहप्त्याने कर्जाचा बोजा उतरवीत नेण्यास ‘पे डाउन’ म्हणतात. हा प्रयोग विशेषतः अमेरिकन आहे.

‘पे ऑफ’चे आणखीही अर्थ आहेत. नोकरास अखेरचा पगार चुकता करून कामावरून दूर करणे हा एक. जहाजावरील खलाशांच्या बाबतीत तो विशेष रूढ आहे. पैसे चारून एखाद्याचे तोंड बंद करणे हा दुसरा. ‘पे’चे मूळ लॅटिन ‘पाकारे’, म्हणजे शांत करणे, हे आहे. तेव्हा लाचेचा हा अर्थ मूळ धातूच्या फारसा दूर नाही, असे म्हणावयास हरकत नाही! कर्माशिवाय आल्यास ‘श्रम फळास येणे’ असा अर्थ होतो.

‘पे अप’मध्ये देणे पूर्ण करण्याचा, आणि बहुधा तगाद्यानंतर नाखुशीने करण्याचा, भाव असतो. त्याचे ‘पेड-अप’ हे विशेषण मात्र नाखुशीपासून मुक्त आहे. ‘पेड-अप कॅपिटल’ म्हणजे वसूल भागभांडवल. विम्याची ‘पेड-अप पॉलिसी’ म्हणजे हप्ते थांबल्यामुळे कमी झालेल्या रकमेपुरती चालू राहिलेली पॉलिसी. येथे ‘अप’ ठरलेली सर्व रक्कम भरल्याचे सांगत नाही, पुढे काही भरावयाचे नाही एवढेच सांगतो.

‘पे इन’ म्हणजे खात्यात भरणा करणे. ‘पे आउट’ म्हणजे विमा कंपनीने वा निधीने रक्कम अदा करणे. ‘पे फॉर’ यांच्या पंक्तीत बसत नाही, कारण ‘फॉर’ हे शब्दयोगी आहे. सर्वनाम घालून पाहिले की हा भेद उघड होतो: ‘पे इट ऑफ’, परंतु ‘पे फॉर इट’.

‘शेल आउट’, ‘फोर्क आउट’ व ‘कफ अप’ हे बोलीतील प्रयोग. पहिल्यात शेंग सोलून दाणे काढण्याची, तिसऱ्यात खोकून बाहेर काढण्याची प्रतिमा आहे. आपल्याकडील ‘पैसे ओकावयास लावणे’ हा प्रयोग तिचा सख्खा भाऊ शोभतो. ‘सरकारने अनुदान दिले’ या साध्या वाक्यासाठी विद्यार्थ्याने ‘कफ अप’ योजल्यास, सरकारने ते कुरकुरत दिले, असे नसलेले विधान त्याच्या पदरी पडते.