खडे साज ते चंदैनी गोंदा

रायपुरात वाद्यवृंदाचा विषय निघाला की आम्हा मराठी माणसांना चौबे कॉलनीतलं महाराष्ट्र मंडळ आणि नाट्यगीतांची साथसंगत आठवते. पण या मातीचा स्वतःचा वाद्यवृंद आहे आणि तो कसा घडला हे आपण शेजारी राहूनही फारसं विचारलेलं नाही, याची मला रुखरुख वाटते.

इथल्या खेड्यांत नाचा हे लोकनाट्य पूर्वी उभ्यानंच रंगायचं. तबला-डग्गा कमरेला बांधलेला, चिकारा हे तंतुवाद्य छातीशी धरलेलं, आणि मशालींच्या उजेडात वादक रात्रभर नाचणाऱ्या ‘परी’च्या (स्त्रीवेषातल्या नटाच्या) आणि ‘जोक्कड’च्या (विदूषकाच्या) मागे फिरत. याला म्हणत ‘खडे साज’. 1927-28च्या सुमारास राजनांदगावकडच्या रवेलीचे दुलारसिंह साव, म्हणजेच दाऊ मंदराजी, यांनी गावोगावचे कलावंत हेरून बांधीव पार्टी उभी केली. वादक बसले. चिकाऱ्याच्या जागी पेटी आली. बदल लहान दिसतो, पण बसलेल्या वादकाचे हात मोकळे होतात, तो शेजाऱ्याचं वाजवणं ऐकू लागतो. वृंद तिथून सुरू होतो, असं मला वाटतं. मंदराजींनी घरची जमीन या वेडापायी घालवली आणि 1984 साली हलाखीतच ते गेले. आज त्यांच्या नावानं राज्य सरकार सन्मान देतं.

पुढचं मोठं पाऊल दुर्गजवळच्या बघेरा गावात पडलं. दाऊ रामचंद्र देशमुख हे आडनावावरून आपल्याकडचे वाटतील, पण माणूस पक्का छत्तीसगढी. 1950 मध्येच त्यांनी देहाती कला विकास मंडळ काढलं होतं. नंतर गावं पालथी घालून त्यांनी 63 कलावंत जमवले आणि 7 नोव्हेंबर 1971 रोजी बघेऱ्यातच ‘चंदैनी गोंदा’ या रंगमंचीय कार्यक्रमाचा पहिला प्रयोग केला. गोंदा म्हणजे आपला झेंडू.  शेतकऱ्याचं जगणं, त्याची लूट, त्याचे सण हे सारं गाण्यांतून उलगडत जायचं. गीतं लिहिणारा लक्ष्मण मस्तुरिया तेव्हा अवघा 22 वर्षांचा होता.

संगीत खुमानलाल साव यांचं. खैरागढला 1956 पासून संगीताचं विद्यापीठ होतं, आपले श्रीकृष्ण रातंजनकर तिथे कुलगुरू होऊन गेले. साव यांची शाळा मात्र नाचाची, पेटी तिथेच हाताशी आली. ददरिया, सुआ, करमा या लोकगीतांच्या चाली त्यांनी घेतल्या, पण त्यांचं अंग मोडलं नाही. शेतात रोवणी करताना बाई जी चाल गुणगुणते ती मंचावर तशीच ओळखीची राहिली, फक्त तिला मागून भक्कम साथ मिळाली. हे काम किती अवघड आहे ते लोकसंगीताला ‘सजवायला’ गेलेल्या अनेकांकडे पाहिलं की कळतं. 1963 साली सुरू झालेल्या आकाशवाणी रायपूरनं ही गाणी घराघरांत नेली. जी छत्तीसगढी बोली शहरात लोक दबकून वापरायचे, तीच रेडिओवर ठणठणीत ऐकू येऊ लागली.

पाठोपाठ दाऊ महासिंह चंद्राकर यांचं ‘सोनहा बिहान’ हे तशाच धाटणीचं सादरीकरण आलं. देशमुख पुढे दुसऱ्या कामांकडे वळले. चंदैनी गोंदाचं नाव साव यांनी पुढची अनेक वर्षं मंचावर राखलं. मस्तुरिया 2018 मध्ये गेले, साव जून 2019 मध्ये.

या सगळ्यांच्याही आधीपासून वाजत आलेला गडवा बाजा हा लोकवाद्यांचा ताफा मात्र अजून रस्त्यावर आहे. लग्नसराईत गावाकडे तो दिसतो. डफडावाला चामडं शेकोटीवर तापवून घेतो, मोहरी ही सनईसारखी वाजवणारा पत्ती ओठांत ओली करतो, निसान हा नगारा गळ्यात अडकतो, आणि वरात हलली की ते सारे तिच्या पुढे चालू लागतात. या वादकांना बसायला अजून कुणी सांगितलेलं नाही.